टार्गेट गेलं, मंत्र मेला

आमचे हे दात बनवतात. दातांचे डॉक्टर वेगळे. ते माणसाला खुर्चीत आडवं करतात, तोंडात आरसा घालतात आणि 'आ करा' म्हणतात. यांना त्या माणसाचं तोंड कधीच दिसत नाही. यांच्याकडे येतो तो फक्त प्लास्टरचा साचा. त्यावर मेणाची हिरडी करून हे एकेक दात बसवतात, वरचा खालच्यावर नीट टेकतो का ते बघतात, दिव्यावर सुरी तापवून मेण सारखं करतात आणि पुन्हा बघतात. लग्नाच्या आधीपासून तीच लॅब, तीच खिडकी, तेच स्टूल. आमचं जमवताना माझ्या मावशीने विचारलं होतं, मुलगा करतो काय? कुणीतरी सांगितलं, दातांचं काहीतरी करतो. मावशी म्हणाली, दिवसभर दात काढत असेल तर बरंच आहे, आमच्या पोरीला कुणीतरी हसरं पाहिजेच.

मी शाळेची व्हॅन चालवते. मागे डझनभर पोरं, पुढे रहदारी आणि मध्ये मी. त्यामुळे माझ्या आवाजाबद्दल शेजारीपाजारी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यांचं काही खोटं नाही.

पत्त्यांचं वेड यांना पन्नाशीला लागलं. लेक शिकायला बाहेर पडली तेव्हा तिच्या कपाटात एक खोका राहिला. राजा-राणीचे पत्ते नव्हेत ते. प्रत्येकावर एक चित्र, कुठे राक्षस, कुठे वीज, कुठे बुडणारं जहाज, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात चार ओळी. हे ते पत्ते दात बघायच्या भिंगाखाली धरून वाचत बसायचे. मी म्हटलं, लेकीची आठवण येते तर फोन करा, राक्षसांना काय विचारताय? तर म्हणाले, 'अगं, हे बघ किती नेमकं लिहिलंय. एक शब्द इकडचा तिकडे केला तर सगळा खेळ बदलेल.' झालं. त्या चार ओळींनी माझे रविवार खाल्ले.

सायकलच्या दुकानावर एक जिना चढून गेलं की पत्त्यांचं दुकान लागतं. लांब लांब टेबलं, घडीच्या खुर्च्या, भिंतीला काचेची कपाटं. दुकानाच्या मालकाला सगळे शेठ म्हणतात, ते थट्टेनेच, कारण त्याच्या शर्टाची कॉलर गेली कित्येक वर्षं विरलेलीच आहे. तिथे हे खेळायला जायचे आणि हरून यायचे. खेळण्यात यांचा कायम भोपळा. दात बसवल्यासारखा एकेक पत्ता ठेवणार, तोवर समोरचा जांभया देणार. पण नियम विचारा. कुठल्याही टेबलावर वाद झाला की लोक मान वर करून हाक मारायला लागले, 'काका, जरा इकडे.' मग शेठने यांना काळा शर्ट दिला आणि पंच करून टाकलं. तेव्हापासून हे पंचकाका.

यांची पद्धत एकच. टेबलाशी जायचं, भांडण ऐकायचं नाही, पत्त्याखाली बोट ठेवायचं आणि म्हणायचं, 'वाच.' वाचता वाचता निम्मे लोक स्वतःच गप्प बसायचे.

हा खेळ मला कळत नव्हता, पण रोज जेवताना ऐकून ऐकून भिंतीलासुद्धा कळला असता. तुम्ही मंत्र टाकता आणि बोट दाखवता, हा राक्षस मारणार. तुमचा मंत्र लागायच्या आत समोरच्याला उत्तर द्यायची मुभा असते. त्याने तेवढ्यात आपला राक्षस उचलून परत हातात घेतला, तर तुमचा मंत्र मारणार कुणाला? ज्याच्यावर बोट ठेवलं तोच जागेवर नाही. मंत्र वाया. आता दुसऱ्यावर बोट दाखवतो म्हटलं तर ते चालत नाही. नव्या पोरांना हे पटायचंच नाही, हुज्जत घालायची. म्हणून यांनी एक वाक्य करून दिलं होतं: 'टार्गेट गेलं, मंत्र मेला.' ते इतकं चाललं की शेठने गल्ल्यामागे मोठ्या अक्षरात लिहून लावलं. दुकानात कुणाची बस चुकली तरी लोक म्हणायचे, टार्गेट गेलं, मंत्र मेला.

मग यांच्या डोक्यात गुठळी झाली.

सकाळी दाढी करता करता हातातला ब्रश पडला आणि हे माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले, ते भाषेसारखं वाटत होतं पण भाषा नव्हती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोरांना आणायला व्हॅन काढायची होती, ती तशीच ठेवली आणि खालच्या टायरवाल्याला हाक मारली. हा आमच्या इमारतीखाली टायर बदलतो, रविवारी यांच्याबरोबर पत्ते खेळतो. त्याने यांना अक्षरशः खांद्यावर घातलं आणि दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत म्हणून बरं झालं.

हात वाचला. पाय वाचला. राहिलं ते शब्दांचं. किल्ली पाहिजे असली की हे चमचा मागायचे. मी किल्ली द्यायचे. मधेच बोलता बोलता थांबायचे, आणि तो शब्द कुठल्या खणात पडलाय ते शोधत राहायचे. डॉक्टर म्हणायचे, सुधारणा चांगली आहे, कामावर जायला हरकत नाही. लॅबवाले साहेबही भले माणूस, म्हणाले, स्टूल ठेवलंय, पण महिनाअखेरीस मला नक्की सांगा, साचे साठलेत. हे ऐकायचे आणि मान हलवायचे, आणि जायचं नाव काढायचे नाहीत.

एके दिवशी मीच विचारलं, की हात तर नीट चालतोय ना? तर म्हणाले, 'हात चालतोय. डोकं चालतंय का ते मला कळत नाही. दात चुकीचा बसवला आणि मला तो बरोबरच दिसला तर? तो माणूस महिनोन्‌महिने कण्हत जेवणार.' मी म्हटलं, बरं. काय बोलणार दुसरं?

तेवढ्यात शेठचा फोन आला. दुकानात मोठी स्पर्धा भरणार होती, आसपासच्या गावांचे खेळाडू येणार होते. मुख्य पंच बाहेरून येणार, पण हाताखाली दुकानाचा एक पंच लागतो. शेठ चाचरत म्हणाला, काका, तुम्हाला झेपणार असेल तरच. हे म्हणाले, येतो.

माझ्या मनात आलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडायची चारचौघांत? पण तोंडाने मी तेवढंही म्हटलं नाही. फोन ठेवून तेच म्हणाले, 'तिथे चुकलो तर कुणाचं तोंड बिघडणार नाही. पत्तेच आहेत. पण चुकलो, तर मग लॅबला कळवून टाक. स्टूल दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं.' मी पुन्हा म्हटलं, बरं. आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, जी आधीच घासलेली होती.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मी यांना व्हॅनमधून सोडलं आणि परत जाते म्हणून सांगून वर जाऊन बसले. शेठने मला गल्ल्याशी खुर्ची दिली. दुकान खच्चून भरलेलं. एका टोकाला मुख्य पंच, आखूड केसांच्या एक बाई, कमरेवर हात ठेवून टेबलांवर नजर फिरवत उभ्या. त्या परगावच्या. यांच्या आजारपणाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगू नका असं यांनीच शेठला बजावलं होतं.

पहिले दोन-तीन वाद किरकोळ निघाले. कुणी एक पत्ता जास्त उचलला, कुणाचा पत्ता उलटा पडला. हे गेले, बोट ठेवलं, 'वाच' म्हणाले, परत आले. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात खिडकीजवळच्या टेबलावरून हात वर झाला. तिथे टायरवाला खेळत होता. समोर एक नर्सबाई, रात्रपाळी करून तशाच आलेल्या, डोळे तांबारलेले, पण पत्ते मात्र घट्ट धरलेले.

मी खुर्ची थोडी पुढे ओढली.

भानगड अशी होती. नर्सबाईंनी वीज टाकली होती. पत्त्यावर लिहिलेलं, 'दोन राक्षस निवडा. ते दोन्ही मरतात. मग तुम्ही एक पत्ता उचला.' त्यांनी टायरवाल्याच्या दोन राक्षसांवर बोट ठेवलं, एक शिंगवाला आणि एक पंखवाला. टायरवाल्याने उत्तर म्हणून शिंगवाला उचलून परत हातात घेतला. राहिला एकटा पंखवाला, आणि त्याच्या जोरावरच टायरवाला जिंकत आला होता. तो हसत म्हणाला, 'टार्गेट गेलं, मंत्र मेला.' नर्सबाईही मान हलवून वीज बाजूला ठेवणार होत्या, पण त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हात वर केला.

यांनी पत्त्याखाली बोट ठेवलं. 'वाच.'

नर्सबाईंनी वाचलं. हे पुन्हा म्हणाले, 'वाच.' त्यांनी पुन्हा वाचलं. यांचे ओठ हलत होते. मला तो चेहरा पाठ झाला होता, चमचा म्हणायच्या आधीचा.  शेजारच्या टेबलावरचे खेळाडू माना वळवून बघायला लागले. मग हे म्हणाले, 'मंत्र... लागतो. पंखवाला मरतो. ताई, तुम्ही पत्ता उचला.'

 गल्ल्यामागे शेठने तो कागद लावलेला होता, यांचं स्वतःचं वाक्य, हाताएवढ्या अक्षरांत, आणि सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा यांच्याकडे पाहिलं. शेठने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. ज्याने सगळ्यांना हा नियम शिकवला तोच माणूस आपला नियम विसरला, असंच प्रत्येकाच्या तोंडावर होतं. आणि खरं सांगते, माझ्याही.

टायरवाल्याने पंखवाल्याकडे पाहिलं. तो गेला म्हणजे त्याचा खेळ गेला, आणि पुढची फेरीही गेली. स्पर्धेची तयारी म्हणून त्याने दोन आठवडे गिऱ्हाइकं लवकर परत पाठवली होती. पण त्याने पंखवाला उचलला आणि बाजूला ठेवला. 'ठीक आहे काका,' तो म्हणाला. 'तुम्ही म्हणाल तसं.' आवाज असा मऊ, जसा आपण आजारी पोराशी काढतो.

हे तिथून हलले नाहीत. त्यांनी टायरवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं. सगळे दुसरीकडे बघायला लागले.

'तुला पटलंय?' यांनी विचारलं.

'जाऊ द्या ना काका. खेळच आहे.'

'पटलंय का विचारतोय.'

टायरवाला हातातले पत्ते उगाच सारखे करत बसला.

'मग अपील कर,' हे म्हणाले. 'तुझा हक्क आहे.'

पंचाचा निकाल पटला नाही तर मुख्य पंचाकडे दाद मागता येते, त्याला तिथे अपील म्हणतात. रोजचीच गोष्ट, कुणी त्याचा राग धरत नाही. पण टायरवाला जागचा हलेना. त्याच माणसाने यांना खांद्यावर घातलं होतं, आता तो चारचौघांत यांना खोटं कसं पाडणार? शेवटी यांनीच हात वर केला आणि स्वतःच्या निकालावर स्वतःच मुख्य पंचांना बोलावलं. असं त्या दुकानात कधी घडलं नव्हतं. मला वाटलं धावत जावं, यांचा हात खाली ओढावा आणि घरी न्यावं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, माझं तिथे बसल्या जागी जळत होतं.

मुख्य पंचबाई आल्या. आधी नर्सबाईंना विचारलं काय झालं. मग टायरवाल्याला. तो म्हणाला, 'दोनातलं एक टार्गेट गेलं, म्हणून मला वाटलं मंत्र वाया. पण काकांचं... म्हणजे, तसं काही नाही.' मग बाई यांच्याकडे वळल्या. 'तुमचा निकाल काय, आणि का?'

यांनी तोंड उघडलं आणि शब्द आला नाही.

बाई थांबल्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, एवढंच. शब्द सुचवला नाही, मान हलवली नाही, 'सावकाश, सावकाश' म्हणाल्या नाहीत. मी तेवढ्या वेळात काय काय ठरवून टाकलं म्हणून सांगू. लॅबला काय सांगायचं, लेकीला काय सांगायचं, व्हॅनच्या फेऱ्या वाढवायच्या कशा.

'एक गेला,' हे म्हणाले. बोट शिंगवाल्याच्या रिकाम्या जागेवर. 'एक आहे.' बोट बाजूला ठेवलेल्या पंखवाल्यावर. 'गेलेल्याला लागत नाही. आहे त्याला लागतो. दोन्ही गेले असते, तर मंत्र मेला असता, सगळाच. मग पत्तासुद्धा उचलायचा नाही. पण एक जरी... एक जरी जागेवर असला, तर मंत्र जमेल तेवढं करतो.'

ऐकता ऐकता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या व्हॅनचा एक थांबा आहे, तिथून दोघी बहिणी चढतात. धाकटी आजारी असली की मी थोरलीला रस्त्यावर सोडून जाते का? नेते. दोघीही नसल्या तरच थांबायचं कारण नाही. अहो, हे तर बरोबर होतं. यांनी ते सोपं वाक्य नव्या पोरांसाठी केलं होतं, एकाच राक्षसावर बोट ठेवणाऱ्या मंत्रासाठी, आणि अख्ख्या दुकानाने तेच वेदवाक्य धरून दोन बोटांच्या मंत्रालाही लावलं होतं. विसरलं होतं दुकान. हे नव्हते विसरले. पण माझ्या पटण्याला तिथे कोण विचारतो? मी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

'बरोबर,' बाई म्हणाल्या. 'निकाल कायम. या टेबलाला गेलेला वेळ वाढवून द्या.' आणि वळता वळता, 'तिकडे कोपऱ्यात हात वर आहे केव्हाचा. तुम्ही बघा, मला आत काम आहे.'

बस्स, एवढंच. शाबासकी नाही, हसू नाही. इतकं कोरडं बोलणं माझ्या कानाला आयुष्यात इतकं गोड लागलं नव्हतं.  टायरवाला खेळ हरला, तो नंतर, पण त्या क्षणी त्याने डोळे मिटले आणि खुर्चीला टेकून मोठा उसासा टाकला, जसा काही तोच जिंकला. शेठने गल्ल्यामागचा तो कागद हळूच काढला आणि पेन शोधायला लागला. हे मात्र कुणाकडे न बघता कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघाले होते. तिथून ऐकू आलं, 'वाच.'

मी जिना उतरून व्हॅनमध्ये जाऊन बसले, काचा वर केल्या आणि मनसोक्त रडले. मग तोंड पुसलं.

स्पर्धा संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. हे खाली आले ते टायरवाल्याबरोबर, दोघंही बोलण्यात गुंगलेले. व्हॅनच्या मागे दुसरी गाडी लागली होती, मला मागे घेऊन वळवायची होती. मी म्हटलं, अहो, जरा मागे बघा. हे मागे जाऊन उभे राहिले. आरशात यांचा हात दिसत होता, ये ये करणारा, म्हणून मी घेत गेले. हे हात माझ्यासाठी हलवतच नव्हते. टायरवाल्याला कुठला तरी डाव समजावून सांगत होते. व्हॅन धाडकन कचऱ्याच्या पिंपावर बसली आणि मागचा दिवा फुटला.

मी दार उघडून खाली उतरले आणि सुटले. म्हटलं, डोळे कुठे ठेवलेत? उद्या सकाळी पोरं घ्यायची आहेत, फुटक्या दिव्याने कोण सोडणार मला शाळेत? मागे बघा म्हटलं म्हणजे मागे बघा, राक्षसांच्या गप्पा हाकायला उभं केलं नव्हतं तुम्हाला. एवढं मोठं पिंप दिसत नाही आणि म्हणे पंच. सायकलच्या दुकानातली माणसं बाहेर आली, टायरवाला दोन पावलं मागे सरकला, आणि मग मला एकदम भान आलं की मी कुणाशी बोलतेय. मी तोंडावर हात ठेवला.

हे हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होते.

'थांबू नकोस,' ते म्हणाले. 'दवाखान्यातून आलो तेव्हापासून तू एकदाही ओरडली नाहीस. काहीही मागितलं, काहीही सांडलं, तरी बरं, बरं. मला वाटायचं, डॉक्टरांनी हिला काहीतरी सांगितलंय आणि ही माझ्यापासून लपवतेय.'

'काही सांगितलेलं नाही डॉक्टरांनी,' मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. 'शपथ.'

'नक्की?'

'नक्की.'

त्यांनी बाही डोळ्यांवरून फिरवली, व्हॅनला वळसा घातला आणि पुढच्या सीटवर येऊन बसले. मी गाडी सुरू केली, आणि पिंप, दिवा, टायरवाला, पत्ते, ओल्या टॉवेलपासून उघड्या नळापर्यंत इतक्या महिन्यांचं जे जे साठलं होतं ते सगळं काढलं.

'उद्या मला आधी लॅबवर सोड,' हे मध्येच म्हणाले.

'मध्ये बोलू नका,' मी म्हटलं, आणि घर येईपर्यंत थांबले नाही.